घाटाआधीचा वाद

पनवेलचं गाड्यांशी असलेलं नातं आसपासच्या गावांपेक्षा वेगळं आहे. कळंबोलीला ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, जुना हायवे गावाला खेटून जातो आणि पळस्पे फाट्याला गोव्याची वाट फुटते. पुण्याकडं वळलात तर तासाभरात बोरघाट. कोकणाकडं वळलात तर आधी कर्नाळ्याची खिंड आणि बरंच पुढं कशेडी. म्हणून मे महिन्याची सुट्टी किंवा गणपती जवळ आले की इथल्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास येतो : "निघायच्या आधी रेडिएटर फ्लश करून घेऊ का?"

या प्रश्नाला पनवेलात दोन उत्तरं मिळतात आणि ती एकमेकांना छेदतात. इथं ती मी मामा-भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा जुन्या हायवेवरचा गॅरेजवाला, प्रीमियर पद्मिनीच्या काळापासून हात काळे केलेला. भाची केमिकल इंजिनिअर, तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कूलिंग टॉवरचं पाणी सांभाळणारी. माणसं कल्पित आहेत, मतं मात्र रोज ऐकू येणारी आहेत. मधूनमधून मीही बोलणार आहे, कारण या बाबतीत मला ठाम मत आहे.

मामा : घाट चढायच्या आधी पाणी बदलायचं, एवढं मला ठाऊक. खालचा होज पाइप सोडायचा, वरून नळी लावायची, स्वच्छ पाणी येईस्तोवर वाहू द्यायचं, मग कूलंट भरायचं. आजवर एकही गिऱ्हाईक गाडी तापली म्हणून परत आलं नाही.

भाची : ज्या गाड्यांना काही झालंच नव्हतं त्या तशाही तापल्या नसत्या, मामा. कारखान्यात एक्स्चेंजर साफ करायला उघडायचा तर आम्हांला आधी कारण लिहावं लागतं. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानात फरक किती राहिला, दाब किती पडला, ते बघावं लागतं. तू बॉनेट उघडतोस आणि सरळ नळी लावतोस.

मामा : माझं कारण समोर उभं आहे. खोपोली सोडली की खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटर वर जायचंय. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, पुढं कंटेनर रांगतोय आणि तू दुसऱ्या गिअरवर. त्या वेळी रेडिएटरात गाळ निघाला तर पोराबाळांना घेऊन कुठल्या कठड्याला थांबशील?

मामाची धास्ती खरी आहे, हे इथं सांगून टाकतो. इंधन जळून निघालेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश चाकांना मिळते, साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. चढणीला इंजिन जास्त इंधन जाळतं आणि वेग कमी असल्यानं समोरून येणारा वारा घटतो. उष्णता वाढते आणि ती काढून नेणारी हवा त्याच वेळी कमी पडते. ज्या बिघाडाचा मुंबईच्या सपाट रस्त्यावर मागमूस लागत नाही तो खंडाळ्याच्या वळणावर बाहेर येतो, याचं कारण हे आहे.

भाची : धास्ती मला मान्य आहे. पण गाडी कधी तापते ते तरी विचारतोस का?

मामा : विचारतो की! सिग्नलला तापते आणि चालू लागली की उतरते, तर पंखा बघायचा. मोटर, रिले, नाहीतर सेन्सर. चढणीला तापते आणि सपाटीला उतरते, तर रेडिएटर चोंदलाय, बाहेरून नाहीतर आतून. बाहेरून म्हणजे एसीच्या कंडेन्सरमागं चिखल, किडे, कापसासारखी धूळ अडकलेली असते. ती कुणी बघतच नाही. आणि सकाळी थंड गाडी सुरू केल्या केल्या वरचा पाइप टणक झाला, टाकीत बुडबुडे आले, तर समजायचं हेड गॅसकेट गेलं. तिथं फ्लश मारून काडीचा उपयोग नाही.

भाची : एवढं तुला हाताला कळतं, मग सरसकट सगळ्यांना फ्लश कशाला?

मामा : कारण आता गिऱ्हाइकाला काही कळतच नाही, बाय! पद्मिनीला काटा होता. काटा वर सरकला की ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा. आता कितीतरी गाड्यांत काटाच नाही. थंड असेल तर निळा दिवा, जळायला आली की लाल दिवा, मधलं काहीच नाही. लाल दिवा लागेपर्यंत ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असतं. मग मी हेड उतरवणार, फेसिंग मारणार आणि बिल बघून तोच माणूस मला म्हणणार, आधी का नाही सांगितलंत? त्यापेक्षा आधीच पाणी बदललेलं बरं.

भाची : तुझ्याकडं स्कॅनर आहे ना? तो लावला की कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून कर्नाळ्यापर्यंत एक चक्कर मारून ये. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. त्यानंतर आकडा नव्वदीच्या घरात टिकून राहिला, खिंडीच्या चढाला थोडा सरकून परत खाली आला, तर आत वाट मोकळी आहे. नळी लावायची गरज नाही.

मामा : हे करता येईल. पण चक्कर मारायचे पैसे कोण देणार?

भाची : फ्लशचे देतो तोच.

यावर मामा हसला नाही, पण त्यानं नाहीही म्हटलं नाही. वाद पुढं सरकला तो पाणी की कूलंट या मुद्द्यावर, आणि तिथं मामाची बाजू पहिल्यांदा वाटते तितकी कच्ची नाही.

मामा : मला एक सांग, पनवेलात बर्फ कुठं पडतो? ते हिरवं-गुलाबी औषध थंड देशांसाठी काढलेलं. पद्मिनीत आयुष्यभर विहिरीचं पाणी घातलं आणि ती खंडाळा चढून गेली.

भाची : उष्णता वाहून न्यायचं म्हणशील तर साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. एक ग्रॅम पाणी एक अंश तापायला ४.१८ जूल घेतं, निम्मं ग्लायकॉल घातलेलं मिश्रण साडेतीनच्या आतच घेतं. तू म्हणतोस ते तिथपर्यंत बरोबर. पण पद्मिनीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळला तर डाग देणारा कारागीर पनवेलातच होता. आता हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर पातळ ॲल्युमिनियमचा, त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. लोखंड, ॲल्युमिनियम आणि डागाचा धातू एकाच पाण्यात बसले की त्यांच्यात वीज खेळते आणि कमजोर धातू झिजतो. ते थांबवणारी द्रव्यं कूलंटमध्ये असतात. आपल्याला त्यांच्यासाठी कूलंट हवं, बर्फासाठी नको.

मामा : आणि उकळायचं काय?

भाची : तेही आलंच. लोणावळ्याच्या उंचीला उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं ना, तो दाब आत धरून ठेवला की तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं ग्लायकॉल असेल तर आणखी काही अंश वर. म्हणजे झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर कितीही महाग कूलंट घाल, एका झटक्यात वीस अंशांची सूट गेली. फ्लश करायच्या आधी ते झाकण बदल.

मामा : ते मी कधीच सोडत नाही. आणि गरम इंजिनाचं झाकण हात लावू देत नाही कुणाला. कपडा टाकून उघडतो म्हणणाऱ्यांचे भाजलेले हात बघितलेत मी.

या मुद्द्यावर दोघांत दुमत नाही आणि मला तो ठळकपणे मांडायचा आहे. दाबाखाली ११० अंशांवर शांत दिसणारं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं. गाडी घाटात तापलीच तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा ठेवावा, सुरक्षित जागा बघून थांबावं आणि इंजिन हाताला गार लागेपर्यंत झाकणाकडं फिरकू नये. रटरटत्या इंजिनात गार पाणी ओतणं हेड तडकवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

आता येतो पाण्याचा प्रश्न. माझ्या मते हाच या सगळ्याचा गाभा आहे. फ्लश करावा की नाही यावर तासन्‌तास बोलणारी माणसं फ्लश कोणत्या पाण्यानं केला हे विचारत नाहीत.

भाची : तू नळीतून कुठलं पाणी सोडतोस?

मामा : बोअरचं. उन्हाळ्यात टँकरचं. नगरपालिकेचं देहरंग धरणाचं पाणी येतं ते प्यायलाच पुरत नाही, गाड्या कशानं धुवू?

भाची : देहरंगचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस. बोअरच्या मानानं ते मऊ. बोअरचं पाणी काळ्या कातळातून मुरत येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. खाडीच्या अंगाला असेल तर मीठही. गीझरची कॉइल काढून बघितली आहेस ना? तोच पांढरा थर इंजिनात बसतो, फक्त दिसत नाही.

मामा : पाच लिटर पाण्यात बसून बसून किती बसणार?

भाची : हिशेब करू. पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला तर पाच लिटरांत दीड ग्रॅम. एकदा भरलंस तर खरंच काही बिघडत नाही. घाटात अडकलास आणि समोर फक्त विहीर असेल तर खुशाल घाल, इंजिन वाचव. पण गळकी गाडी घेऊन दर आठवड्याला अर्धा लिटर बोअरचं पाणी वरून घालणारी गिऱ्हाइकं तुझ्याकडं आहेत. वर्षाला २६ लिटर झालं. जवळजवळ आठ ग्रॅम क्षार आत गेला. सगळाच बसत नाही, पण बसतो तो सगळ्यात तापलेल्या जागी, हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्वच्या भोवती. तिथंच तर उष्णता लवकर काढून घ्यायची असते. आणि हा थर उष्णता सोडायला ओतीव लोखंडाच्या वीस-पंचवीस पट आळशी.

मामा : मग पिण्याचं पाणी घालायचं?

भाची : पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. क्लोराइड २५० चांगलं, १००० पर्यंत चालवून घ्यायचं. आता अवजड डिझेल इंजिनं बनवणारे त्यांच्या पाण्यासाठी काय मागतात बघ. कठीणपणा १७० च्या आत, क्लोराइड ४० च्या आत. माणसाच्या पोटाला चालणारं पाणी ॲल्युमिनियमला चालत नाही. क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक भोकं पाडतं.

मामा : आमच्याकडं काही जण एसीच्या नळीचं पाणी साठवतात. इन्व्हर्टरला पण तेच घालतात.

भाची : क्षार नसतात त्यात, हे खरं. पण कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं. जुनं कूलंट धुऊन काढायला वापर, शेवटच्या भरणीला नको. घरच्या आरओचंही तसंच. चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते त्यात. पंपावर, बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते बॅटरीचं पाणी आण. कॅनची किंमत हेडच्या फेसिंगपुढं काहीच नाही.

ही गोष्ट किती खोलवर जाते ते जगभरच्या कूलंटांतही दिसतं. युरोपात पुष्कळ ठिकाणी नळाचं पाणी कठीण असतं. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की साका बसतो, म्हणून तिथल्या कारखान्यांनी कूलंटमधून फॉस्फेट हद्दपार केलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कारखान्यांना सिलिकेटमुळं वॉटर पंपाच्या सीलची झीज होण्याची काळजी. त्यांनी सिलिकेट काढलं आणि फॉस्फेट ठेवलं. पनवेलच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत पुष्कळशा जपानी घराण्यातल्या आहेत. त्यांच्या फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये आपण बोअरचं पाणी मिसळतो तेव्हा साका धरायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी आपण स्वतः एकत्र आणतो. आणि रंगावरून ओळखू म्हणाल तर रंगाला कुठलंच मानक नाही. हिरवं, निळं, गुलाबी हा ज्याच्या त्याच्या कंपनीचा निर्णय. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारखं मानक छापलंय का आणि गाडीच्या पुस्तकात कोणता प्रकार सांगितलाय, एवढंच बघायचं.

मामा : पुस्तक म्हणतं आठ-आठ, दहा-दहा वर्षं बदलू नका. कंपनीला काय, तिला गाडी विकायची आहे.

भाची : टोयोटाच्या गुलाबी कूलंटची पहिली मुदत १,६०,००० किलोमीटर असते, पुढं दर ८०,००० ला. जुन्या हिरव्याची दोन वर्षं, ४०,००० च्या आसपास. ही मुदत हवेतून येत नाही, रक्षक द्रव्यं किती टिकतात त्यावर ठरते. पण तुझ्या बाजूची एक गोष्ट मीच सांगते. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९९६ च्या सुमारास नारिंगी डेक्स-कूल आणलं, पाच वर्षांची हमी देऊन. काही गाड्यांत त्याचा चिखल झाला, गॅसकेटं गेली, ग्राहक कोर्टात गेले आणि २००८ मध्ये तडजोड झाली. पातळी खाली जाऊन आत हवा शिरली की अशी कूलंटं बिघडतात, हे एक कारण तेव्हा पुढं आलं. म्हणून मुदतीवर विसंबून झाकण कधीच उघडायचं नाही, असं मी म्हणणार नाही. महिन्याला टाकीची पातळी बघायची. वर्षाला पीएचची पट्टी बुडवायची. ताजं कूलंट आठच्या वर असतं. सातच्या खाली आलं की ग्लायकॉलचं आम्ल व्हायला लागलंय, मग मुदत काहीही असो, बदल.

मामा : पट्ट्या आणून दे मला.

भाची : देते. आणि तुझ्या कपाटातली ती बाटली टाकून दे.

ती बाटली म्हणजे तेजाब. पितळी रेडिएटरच्या काळात कारागीर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल फिरवून क्षार काढायचे. त्या जाड धातूनं ते सोसलं. आजच्या ॲल्युमिनियमला आम्लही खातं आणि कॉस्टिकही खातं. भांड्यांचा साबण फेस धरतो आणि तो फेस पंपात हवा खेळवतो. कॉम्प्रेसरची हवा उलटी मारण्याची सवय तर त्याहून वाईट आहे. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची कड किंवा डॅशबोर्डमागचा हीटरचा कोअर त्या दाबानं फाटतो, आणि तो कोअर बदलायला काही गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मामा : माझ्याकडून ऐक, सगळ्यात घाण कशाची निघते ते. हळदीची. घाटात रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर हळदीची पुडी ओततो. गळती थांबते, नाही म्हणत नाही, घरी पोचतो माणूस. पण नंतर दाखवायला आणतच नाही. वर्षानं आणतो तेव्हा निम्म्या नळ्या बुजलेल्या. दुसरी तऱ्हा वॉल काढून टाकणाऱ्यांची.

भाची : थर्मोस्टॅट?

मामा : तोच. गाडी तापते म्हटलं की वॉल काढून फेकायचा. मग इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त पितं, लायनर झिजतात. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरकडं जातच नाही, उलट तापतं. मी कधी काढून दिला नाही. बदलून दिला.

भाची : म्हणजे तुलाही सरसकट उपाय आवडत नाहीत.

मामा : ते वेगळं.

वेगळं नाही, असं माझं म्हणणं आहे. थर्मोस्टॅटच्या बाबतीत मामा जी शिस्त पाळतो तीच फ्लशला लागू पडते. ठरलेल्या मुदतीला कूलंट काढून नवं भरावं, हे प्रत्येक गाडीला लागू. नळी लावून, रसायन फिरवून आतून धुणं मात्र तेव्हाच करावं जेव्हा निघालेलं कूलंट गंजकट तांबूस आहे, त्यात साका आहे, दोन विजोड कूलंटं मिसळली गेली आहेत, हळद पडली आहे किंवा आधीचा मालक नुसत्या पाण्यावर गाडी चालवत होता. तेलाचा दुधट चिखल असेल तर आधी तेल कुठून आलं ते शोधावं. स्वच्छ, पारदर्शक रंगाचं कूलंट निघालं तर धुण्यासारखं आत काही नसतं. नळी लावून आपण फक्त बोअरचं पाणी आत पाठवतो.

आणि आत गेलेलं पाणी सगळं बाहेर येत नाही. अनेक चांगले मेकॅनिक इथंच फसतात.

भाची : एका गाडीत पाच लिटर मावतात समज. खालचा पाइप सोडलास तरी ब्लॉकमध्ये, हीटरमध्ये दोन लिटर पाणी राहतं. वर तू तीन लिटर तयार कूलंट भरतोस, ज्यात निम्मं ग्लायकॉल. आत ग्लायकॉल गेलं दीड लिटर. पाचांत दीड, म्हणजे तीस टक्के. गिऱ्हाइकाला वाटतं पन्नास आहे. रक्षक द्रव्यंही तेवढीच पातळ झाली.

मामा : मग?

भाची : धुतलं असेल तर तयार मिश्रण भरायचं नाही. गाढं कूलंट आणायचं, अडीच लिटर ते आधी भरायचं, वरची जागा बॅटरीच्या पाण्यानं. आणि शेवटची धुलाई त्याच पाण्यानं, म्हणजे आत राहिलेले दोन लिटर बोअरचे नसतील. नाहीतर ब्लॉकचा ड्रेन बोल्ट असेल तर तोही उघडायचा.

मामा : तो बोल्ट गंजून बसलेला असतो, जोर केला की तुटतो. त्यापेक्षा गाढं कूलंट बरं. एअर काढायचं तुला माहीत आहे का? गाडीचं तोंड चढावर ठेवायचं, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करायचं, वरचा पाइप दाबत दाबत बुडबुडे काढायचे. पाणी उकळीला यायच्या आत झाकण लावायचं. एक बुडबुडा हेडमध्ये अडकला तर तिथली जागा कोरडी तापते आणि सेन्सरला पत्ता लागत नाही. फ्लश करून तापलेल्या गाड्या येतात ना माझ्याकडं दुसरीकडून, त्यांत निम्म्या एअरच्या असतात.

भाची : हे मला माहीत नव्हतं. आमचे टॉवर उघडे असतात.

शेवटचा वाद झाला जमिनीवरून वाहत जाणाऱ्या पाण्यावरून. गॅरेजच्या मागं गटार, गटाराच्या पुढं गाढी नदी, नदीच्या पुढं खाडी. गाढी पनवेलच्या अंगाखांद्यावरून वाहते आणि खाडीतल्या मासळीवर जगणारी घरं आजही इथं आहेत.

भाची : निघालेलं कूलंट कुठं जातं?

मामा : कुठं जाणार? पाण्याबरोबर जातं.

भाची : अडीच लिटर ग्लायकॉल म्हणजे पावणेतीन किलो. पाण्यातले जिवाणू ते खातात, पण खाताना एका किलोला जवळजवळ १.३ किलो ऑक्सिजन घेतात. म्हणजे एका गाडीला साडेतीन किलो. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. भागाकार कर, पावणेपाच लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन एका गाडीचं कूलंट संपवू शकतं. तुझे दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टँकर.

मामा : आणि तुमच्या तळोज्यानं कासाडी नदीचं काय केलं? हरित लवादापर्यंत गेलं ते प्रकरण. तिथं टँकर मोजायला कुणी नव्हतं आणि मला पाच लिटरचा हिशेब सांगतेस.

भाची : कासाडीचं तू म्हणतोस ते खरं आहे आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. नदी वाहती असते, हवेतून ऑक्सिजन परत घेते, त्यामुळं तुझ्या एका गाडीनं मासे मरणार नाहीत, हेही खरं. पण हायवेच्या दोन्ही अंगांना गॅरेजं किती आहेत? आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळे एकदमच नळ्या लावतात. त्यात विनाकारण धुतलेल्या गाड्यांचं पाणी वेगळं. आणि नदीचं सोड, तुझ्या दारातल्या कुत्र्यांचं काय? ते गोड लागतं त्यांना. चाटतात आणि मूत्रपिंडं जातात. माणसालाही शंभर मिलिलिटर जिवावर बेतू शकतं.

ही गोष्ट घराघरांत पोचायला हवी. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलानं चुकून घोट घेतला तर लक्षणांची वाट न बघता, डबा सोबत घेऊन, सरळ रुग्णालय गाठावं. पहिल्या काही तासांत माणूस फक्त झिंगल्यासारखा दिसतो आणि उपचाराचा वेळ तिथंच निघून जातो. वेळेत पोचलं तर यावर उतारा आहे.

मामा : काळं ऑइल न्यायला माझ्याकडं माणूस येतो, पैसे देऊन नेतो. कूलंट कुणी विचारत नाही. मी साठवायचं आणि करायचं काय?

भाची : तळोज्यातच घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा सामाईक प्रकल्प आहे. आमचा गाळ तिथं जातो.

मामा : तुमचा जातो. तुमची कंपनी आहे, कागदपत्रं आहेत, ट्रक आहे. माझा पाच लिटरचा कॅन घेऊन मी तिथल्या गेटवर उभा राहू?

मामाच्या या प्रश्नाला भाचीकडं उत्तर नव्हतं आणि मला वाटतं ते एकट्या तिनं द्यायचंही नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महाराष्ट्रातल्या जुन्या नगरपालिकांपैकी. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. घरचा ओला-सुका कचरा वेगळा करायला लावणारी यंत्रणा हायवेवरच्या गॅरेजांसाठी एक सामाईक ड्रम ठेवू शकते आणि तो भरला की दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या प्रकल्पात पोचवू शकते. गॅरेजवाल्यांच्या संघटनेनं मागणी केली तर ती नाकारण्याजोगं कारण मला दिसत नाही.

मामा : ड्रम मी ठेवतो. दोनशे लिटरचा रिकामा आहे मागं. झाकण लावून, नाव लिहून. शेजारच्या दोघांनाही सांगतो, त्यांनीही त्यातच ओतावं. पण धुतल्याचं पाणी त्यात घालणार नाही, नाहीतर आठवड्यात भरेल.

भाची : पहिलं निघतं ते गाढं कूलंट ड्रममध्ये. पहिल्या धुलाईचं पाणीही शक्य तेवढं त्यातच, कारण त्यात बरंच ग्लायकॉल असतं. पुढचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. आणि विनाकारण धुणं बंद केलंस की ते पाणीही फारसं उरणार नाही.

मामा : हां, म्हणजे शेवटी तुझंच खरं करायचं.

भाची : पीएचच्या पट्ट्या, स्कॅनरची चक्कर आणि झाकण, हे तिन्ही मिळून तू "घाटाची तपासणी" म्हणून पैसे घे. फ्लश निघाला तर त्याचे वेगळे. गिऱ्हाइकाला काय केलं ते कागदावर लिहून दे, कूलंटचा प्रकार आणि तारीख धरून. पुढच्या मेकॅनिकला विजोड कूलंट ओतायची वेळ येणार नाही.

मामा : लिहून देईन. ड्रम उचलणार कोण ते तू सोमवारी तुझ्या कंपनीत विचार. त्यांची गाडी तळोज्यात जातेच आहे, तर कमीत कमी किती लिटर झाल्यावर इकडं वळेल, आणि त्याला माझ्याकडून कुठला कागद लागेल.